अपशब्द कोणास म्हणावे?

श्रावणातील नागपंचमी उलटली की दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी ह्या दोन गावांच्या शिवेवर, एक विलक्षण सोहळा भरतो. दोन्ही गावांच्या मधून एक ओढा वाहतो. त्याच्या एका काठावर सुखेडच्या बायका जमतात, दुसऱ्या काठावर बोरीच्या. आणि वाद्यांचा गजर सुरू झाला की पदर खोचून, हातवारे करीत, टाळ्या पिटीत दोन्ही बाजूंनी शिव्यांची सरबत्ती सुरू होते. ह्यालाच त्या बाजूस ‘बोरीचा बार’ म्हणतात. भोवतालच्या गावांतून माणसे तो पाहावयास लोटतात. बंदोबस्तास पोलीसही असतात. एका पाटलाच्या दोन बायका होत्या, एक ह्या गावी राहणारी व दुसरी त्या गावी. दोघींची ओढ्यावर गाठ पडली, शब्दाने शब्द वाढला आणि त्या भांडणात दोघींचाही अंत झाला, अशी एक कथा ह्या प्रथेच्या मुळाशी सांगतात. कथा खरी असो वा नसो, प्रथा मात्र खरी आहे. एरवी ज्या शब्दांपायी डोकी फुटावीत, ते शब्द त्या दिवशी भर दुपारी, चारचौघांसमक्ष उच्चारले जातात. आणि बार आटोपला की त्याच बायका घरी परतून चुलीपुढे बसतात.

शहरात राहणाऱ्या सुशिक्षित माणसास हा प्रकार प्रथम ऐकून हसू येते, मग थोडी लाज वाटते, आणि अखेरीस एक प्रश्न पडतो. शब्द तेच, अर्थ तोच, तोंडेही तीच. मग श्रावणातल्या त्या एका दिवशी जे चालते ते इतर दिवशी अपराध का ठरावे? अपशब्दाचे विष शब्दात असते, की तो कोणी, कोणास, कोठे उच्चारला ह्यात असते? सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात ह्या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी निरनिराळी दिली गेली. ती उत्तरे क्रमाने पाहिली असता, समाजाच्या लाजेचे आणि रागाचे माप कसकसे बदलत गेले, हे ध्यानात येते.

जुन्या समाजाने शिवीला हद्दपार केले नव्हते. तिला जागा आणि दिवस नेमून दिला होता. शिमग्याची बोंब शिमग्यास, बोरीचा बार श्रावणात. आपल्या भाषेतला ‘शिव्यांची लाखोली वाहणे’ हा प्रयोगही पाहण्यासारखा आहे. लाखोली वाहावयाची ती देवास, लक्ष फुलांची किंवा पानांची. शिव्यांसाठी पूजेचा शब्द योजणाऱ्या लोकांना शिवी ही पोटात साचू न देता विधिपूर्वक बाहेर टाकावयाची वस्तू वाटत असली पाहिजे. गावकीच्या ह्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते, ते पुढे येतीलच. परंतु तिला एक शहाणपण होते, एवढे मान्य करावयास हवे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी विद्येबरोबर शिष्टतेची नवी कल्पना आली आणि ही घडी विस्कटली. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे ह्यांनी श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन ह्यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला, आणि पुढे सांगलीस नाट्यपंढरी हे नाव मिळाले. नाटकाची प्रतिष्ठा जसजशी वाढत गेली तसतसा तमाशा हा ‘ग्राम्य’ ठरत गेला. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ह्यांच्या आयुष्यात ही दरी उघड दिसते. १८६६ साली कुलकर्ण्याच्या घरात जन्मलेला हा माणूस घरदार व वतन सोडून तमाशाच्या फडावर उभा राहिला आणि पठ्ठे बापूराव म्हणून महाराष्ट्रभर गाजला. त्यांच्या लावण्या ऐकावयास माणसे कोसावरून येत. पण त्या लावणीचा उच्चार पांढरपेशा घराच्या ओसरीवर चालत नसे. ऐकणारा रात्री फडावर आणि सकाळी सोवळ्यात, अशी ही सोय होती. १९४५ साली पुण्यात बापूरावांचा अंत झाला तो विपन्नावस्थेत.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेर ह्यांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध घातला आणि मग सुधारणेच्या अटींवर तो सैल केला. १९५४ साली नाट्यप्रयोग परीनिरीक्षण मंडळ आले. संहिता आधी मंडळाने वाचावी व मग पडदा वर जावा, असा नियम झाला. वाळव्याच्याच वाटेगावचे अण्णा भाऊ साठे ह्यांनी तमाशाचे लोकनाट्य केले, ते ह्याच काळात. फडावरची तीच हलगी आता मजुराचे दुःख सांगू लागली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, अश्लीलतेच्या नावाने जो वाद चालला होता त्यात शब्दाइतकाच तो उच्चारणाऱ्या जातीचा व पेशाचाही प्रश्न होता. संस्कृत काव्यातील शृंगार रसिकतेत जमा होई. हलगीवरचा शृंगार पोलिसांकडे जाई.

तथापि सरकारास सर्वांत अधिक झोंबलेला शब्द फडावरचा नव्हता. तो सांगलीच्याच एका सुपुत्राचा होता, आणि त्यात एकही शिवी नव्हती. १८७२ साली सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, पात्रे विराटाच्या दरबारातील, भाषा भारदस्त. परंतु प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीत पारतंत्र्यातील भारत पाहिला, धर्मराजात मवाळ व भीमात जहाल पाहिला. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. त्यासाठी १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा हाताशी होता. तो कायदा अधिकृतपणे रद्द व्हावयास २०१८ साल उजाडावे लागले. खाडिलकरांनी पुढे ‘नवाकाळ’ पत्र चालविले आणि १९२९ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांस तुरुंगवासही घडला. सत्ताधाऱ्याच्या कोशात अपशब्दाची व्याख्या निराळी असते, हे ह्यावरून कळते. तेथे शब्द घाणेरडा आहे की स्वच्छ आहे हे पाहत नाहीत. तो लागला की नाही एवढेच पाहतात.

ह्याचा अर्थ लिहिणाऱ्याचे सर्वच क्षम्य असा नव्हे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर ह्यांना ही गोष्ट ऐन तारुण्यात शिकावी लागली. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ चालला आहे आणि त्यास दिवाण बर्वे जबाबदार आहेत, अशा आशयाचा मजकूर ‘केसरी’त व ‘मराठ्या’त आला. त्यास आधार म्हणून जी पत्रे होती ती बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ साली टिळक व आगरकर ह्यांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू निर्मळ होता, परंतु पुरावा खोटा होता. आणि ज्याच्यावर आरोप झाला त्यास न्याय मागण्याचा हक्क होता. मोकळ्या वाणीची पहिली किंमत सत्याची शहानिशा ही होय.

मात्र ह्याच आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढून केशवपन, बालविवाह, रूढीचे जोखड ह्यांवर लिहिले, तेव्हा त्यात बनावट असे काही नव्हते. असत्य तर मुळीच नव्हते. तरीही लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दिवाणाच्या प्रकरणात लेखणी चुकली होती म्हणून शिक्षा झाली. येथे लेखणी बरोबर होती म्हणून झाली. पहिली शिक्षा न्यायालयाने दिली व ती १०१ दिवसांत संपली. दुसरी समाजाने दिली, तिला मुदत नव्हती. १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आगरकर गेले. आणि ज्या मतांसाठी त्यांस शिव्या खाव्या लागल्या ती मते आज शाळेच्या पुस्तकात आहेत. कालचा अपशब्द आजचा धडा होतो, तो असा.

ह्याच्या उलटही घडते. काल जो शब्द कोणास खटकत नव्हता तो आज उच्चारणेही अशक्य होते. सुशिक्षित कुटुंबांनी विशेष विचार करावा असा हा भाग आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव नावाचा एक मुलगा दाखल झाला. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. साताऱ्यातील आपल्या शालेय दिवसांविषयी डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले आहे: बसावयास गोणपाट घरून न्यावयाचे, ते इतरांपासून दूर अंथरावयाचे, तहान लागली तर नळास हात लावावयाचा नाही, शिपायाने पाणी सोडले तर प्यावयाचे, आणि शिपाई नसला तर तहानलेलेच राहावयाचे. ह्या साऱ्या व्यवहारात कोणास एकही शिवी देण्याची आवश्यकता नव्हती. मुलाच्या जातीचे नाव घेतले की काम भागत असे. सभ्य घरातील, कधी तोंडून वावगा शब्द न काढणारी, देवभोळी माणसे तो शब्द सहज उच्चारीत. आणि त्या शब्दाने एका मुलाची तहान थांबवून ठेवली जाई. अपशब्द म्हणावा तर तो हा होता. परंतु त्या काळच्या कोणत्याही शिष्टाचारात तो अपशब्दांच्या यादीत नव्हता.

त्याच मुलाने बॅरिस्टर झाल्यावर अपशब्दाच्याच एका खटल्यात वकीलपत्र घेतले, ही घटना मोठी अर्थपूर्ण आहे. १९२५ साली दिनकरराव जवळकर ह्यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले. त्यात टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांच्यावर अत्यंत जहरी भाषेत हल्ला होता. लेखक आणि प्रकाशक केशवराव जेधे ह्यांच्यासह संबंधितांस शिक्षा झाली. आणि १९२६ साली पुण्यास अपिलात आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडून त्यांस सोडविले. जवळकरांची भाषा सभ्य होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु शतकानुशतके ज्यांनी ऐकून घेतले ते बोलू लागले की त्यांचा पहिला स्वर गोड असावा, ही अपेक्षा कोणी करावी?

ह्याच प्रश्नाने १९७२ साली पुन्हा डोके वर काढले, आणि ह्या वेळी विचारणारा सांगली जिल्ह्याचा होता. नांद्रे येथे १९४० साली जन्मलेले राजा ढाले दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक होते. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्टच्या अंकात त्यांचा लेख आला. राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानास ३०० रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्यास ५० रुपये दंड, ह्या दोन आकड्यांची तुलना त्यात होती. आणि ती करताना राष्ट्रध्वजाविषयी त्यांनी असे शब्द वापरले की महाराष्ट्रभर खळबळ उडाली. अनेकांना ते शब्द असह्य झाले. टीका करणाऱ्यांत दुर्गा भागवत ह्यांच्यासारख्या विदुषीही होत्या. तो राग खोटा होता असे नाही. पण शब्दांवर जितकी चर्चा झाली तितकी त्या ५० रुपयांवर झाली काय? कठोर शब्दावर रागावणे सोपे असते. तो शब्द ज्या आकड्यातून फुटला त्या आकड्यावर रागावणे कठीण. पुढे १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला आणि अनुसूचित जातिजमातींच्या व्यक्तीस लोकांदेखत हेतुपूर्वक अपमानित करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पत्रिकेवर, पाकिटावर, रेशनकार्डावर जी नावे पिढ्यान्‌पिढ्या निर्विकारपणे लिहिली जात होती, ती अपमानकारक आहेत हे उमजावयास इतका काळ लागला.

आता वाणीच्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू. सातारा जिल्ह्याने तेहतीस वर्षांच्या अंतराने दोन साहित्य संमेलने पाहिली, आणि दोहोंचा विचार एकत्र करावा अशी ती आहेत. पहिले १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाड येथे भरले. आणीबाणी जारी होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, विरोधी पुढारी तुरुंगात होते. अध्यक्षस्थानी त्याच दुर्गा भागवत होत्या, आणि स्वागताध्यक्ष होते केंद्र सरकारातील परराष्ट्रमंत्री, कऱ्हाडचेच यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा निषेध केला आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण ह्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे १९७६ साली त्यांस अटक झाली. तीन वर्षांपूर्वी ज्यांना ढाल्यांचे शब्द मर्यादेबाहेरचे वाटले होते, त्यांनीच सत्तेची मर्यादा सत्तेच्या तोंडावर सांगितली. ह्यात विसंगती शोधणाऱ्यास ती सापडेल. परंतु एखाद्याचे बोलणे नापसंत करणे आणि त्याचे तोंड बंद करणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हाही त्यातला अर्थ आहे. पहिली गोष्ट प्रत्येकाचा हक्क आहे. दुसरी कोणाचाच नाही.

दुसरे संमेलन मार्च २००९ मध्ये महाबळेश्वर येथे भरले. त्यासाठी आनंद यादव अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ ह्या कादंबरीतील तुकोबांच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले. तरी वाद शमला नाही, त्यांस अध्यक्षपद सोडावे लागले, आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. कऱ्हाडास सरकार बलवान होते आणि अध्यक्षा बोलल्या. महाबळेश्वरास सरकारची बंदी नव्हती आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी राहिली. वारकऱ्यांचे मन दुखावले हे खोटे नव्हे. तुकोबा स्वतः उत्तर देण्यास नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने बोलणे हे भक्तांस कर्तव्य वाटले, हेही समजण्यासारखे आहे. पण तुकोबांच्या वतीने उत्तर देणारे ग्रंथ, प्रवचने आणि कीर्तने महाराष्ट्रात काय थोडी आहेत? कादंबरीतील चूक दाखविण्यास दहा जाणत्यांचे दहा लेख पुरेसे होते. ते लेख वाचावयास मिळण्याआधीच पुस्तक नाहीसे झाले, आणि कादंबरी खरी की खोटी हे ठरविण्याची संधी वाचकाच्या हातून गेली.

आजच्या पिढीपुढे आणखी एक पाऊल पडले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला. ठराव पाहून कोणी म्हणेल, जिभेला हाड नसते, तिला दंड कसला करावयाचा? परंतु ह्यामागचा विचार नवा आणि रास्त आहे. दोन पुरुषांचे भांडण जुंपते बांधावरून किंवा पैशावरून. आणि शिवी बसते ती तेथे हजर नसलेल्या, त्या भांडणाशी काडीचा संबंध नसलेल्या एका बाईस. गावकीच्या जुन्या व्यवस्थेतला दोष तो हाच होता. शिवी देण्याचा दिवस नेमला होता. पण शिवी कोणाच्या अंगावर पडते हे कोणी पाहिले नव्हते.

येथे पुन्हा त्या ओढ्याकाठी जाणे उचित होईल. बोरीच्या बारात दोन्ही काठांवर बायकाच असतात. आणि एरवी ज्यांच्या नावे शिव्या दिल्या जातात त्याच त्या दिवशी देणाऱ्या असतात. ह्या बाजूने जितके बोलले जाते तितकेच त्या बाजूने परत येते. जिच्यावर शब्द टाकला ती समोर उभी असते, तिच्याही तोंडात जीभ असते, आणि मधून वाहणारा ओढा शब्दाला जाऊ देतो, हाताला नाही. शिवी असूनही तिचे विष उतरते, ते ह्यामुळे.

साताऱ्याच्या शाळेतील त्या मुलास उत्तर देण्याची सोय नव्हती; म्हणून त्याच्या जातीचे साधे नावही अपशब्द झाले. दिवाण बर्व्यांस न्यायालयाचा दरवाजा उघडा होता; त्यांनी दाद मागितली व चूक उघडकीस आली. कर्झनसाहेबांच्या बाजूस सारे साम्राज्य होते, तरीही एका नाटकास उत्तर म्हणून नाटक बंद करावे लागले. आनंद यादवांची खुर्ची रिकामी झाली तेव्हा त्यांचेही उत्तर तेथेच राहिले. सारांश, शब्द कडवट की गोड एवढ्यावरून अपशब्द ठरवू नये. ज्याच्यावर तो टाकला त्यास परत बोलण्याची मोकळीक आहे किंवा नाही, हे आधी पाहावे. जो समर्थ आहे त्याने कठोर शब्द सोसावा. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. जो असमर्थ आहे त्याच्याविषयी बोलताना जिभेस आवर घालावा. आणि जेथे दोघेही समर्थ असतील तेथे मधला ओढा कोणी ओलांडणार नाही, एवढी काळजी समाजाने घ्यावी. सुखेडच्या आणि बोरीच्या बायका हे एका दिवसापुरते तरी पाळीत आल्या आहेत; शहरातील शहाण्या माणसांस उरलेल्या दिवसांत ते साधावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.